एक पिशवी, तीन अमोनाइट आणि धोसा ऊलाइटचं लेबल

तीन अमोनाइट, म्हणजे जुन्या समुद्रातल्या वेटोळ्या शंखाच्या प्राण्यांचे जीवाश्म, एकाच कापडी पिशवीत होते आणि पिशवीवर एकच लेबल होतं, "धोसा ऊलाइट, जुमारा डोम, कच्छ". अक्षर माझंच. पुढे त्या तिघांमुळे आमच्या एमएस्सीच्या रिपोर्टमध्ये असा गोंधळ झाला की तो निस्तरायला अख्खी एक टर्म गेली, आणि त्या टर्ममध्ये मी जेवढी स्ट्रॅटिग्राफी, म्हणजे खडकांच्या थरांचा अभ्यास, शिकले तेवढी त्याआधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून सगळं लिहून काढतेय, कारण कच्छला फील्डला दरवर्षी मुलं जातात आणि हीच चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतं.

आधी जागा समजून घ्या. भुजच्या उत्तरेला, वायव्येपासून ईशान्येपर्यंत, रणाच्या काठाकाठाने, डोमची एक रांगच आहे: जारा, जुमारा, कीरा, झुरा, हाबो. डोम म्हणजे थर खालून वर फुगले आणि मग वरचा भाग झिजून गेला, त्यामुळे कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वलयं जमिनीवर दिसतात. मधे सगळ्यात जुने थर, आणि बाहेर जाल तसे नवे. थरांचा उतार सगळीकडे बाहेरच्या बाजूला. हे नीट डोक्यात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच येणार आहे.

हे थर ज्युरासिक समुद्रातले. गोंडवन फुटायला लागलं तेव्हा भारत-मादागास्कर एका बाजूला आणि आफ्रिका दुसऱ्या बाजूला अशी फट पडत गेली, त्या फटीत उत्तरेकडून टेथिसचं पाणी शिरलं आणि कच्छ त्या समुद्राच्या एका कडेला होतं. त्यात लाखो वर्षं गाळ, वाळू, चुना साचत राहिला. मेनलँडच्या, म्हणजे कच्छच्या मुख्य भूभागाच्या, थरांचे जुन्या पद्धतीने चार भाग करतात, खालून वर पच्छम, चारी, कटरोल, उमिया. भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी १९७०च्या दशकात झुरियो, जुमारा, झुरान आणि भुज अशी नावं देऊन खडकाच्या प्रकारावर आधारलेली वेगळी मांडणी केली, आणि आज दोन्ही चालतात, पेपर वाचताना कुठली पद्धत वापरलीय ते आधी बघावं लागतं, नाहीतर डोकं गरगरतं. मी इथे जुनी नावं वापरतेय कारण अमोनाइटवाले अजून तीच जास्त वापरतात.

चारी फॉर्मेशनच्या अगदी डोक्यावर जो कडक, तांबूस-तपकिरी थर बसलाय तो धोसा ऊलाइट. वय ऑक्सफर्डियन, हा ज्युरासिकचा एक टप्पा, म्हणजे आजपासून साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी. ऊलाइट म्हणजे काय ते ज्याने गाबोळी बघितलीय त्याला समजवायला लागत नाही, माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटून झालेला दगड. या दाण्यांना ऊइड म्हणतात. एकेक दाणा २ मिलिमीटरपेक्षा लहान, आणि भिंगाखाली फुटलेला दाणा बघितला तर आत पापुद्र्यावर पापुद्रा. धोसाच्या दाण्यांत लोह भरपूर म्हणून तो गंजासारखा रंग. त्याच्या खाली चारीच्या मऊ शेल, म्हणजे मातकट, पानापानाने सुटणारा खडक, त्यात जिप्समच्या चकचकीत पट्ट्या. वर कटरोलच्या शेल, त्याही मऊच. दोन मऊ थरांच्या मधे एक कडक थर सापडला की तो कड्यासारखा पुढे येतो, त्यामुळे धोसा ऊलाइट लांबूनही ओळखता येतो, डोमभोवती कडं घातल्यासारखा फिरत जातो. मेनलँडमधे १०० किलोमीटरच्या वर अंतरात हा थर ओळखता येतो, म्हणून सगळे याला मार्कर मानतात. तुम्ही कुठल्याही डोमवर हरवलात तरी धोसा सापडला की कुठे आहात ते कळतं.

आणि जीवाश्म! अमोनाइट, बेलेमनाइट, शिंपले, ब्रॅकिओपॉड, क्रिनॉइडच्या देठाचे तुकडे, लाकडाचे तुकडे. पहिल्या दिवशी तर माझं भानच हरपलं होतं. अमोनाइट आपल्याकडे देवघरातून माहीत असतो, गंडकीचा शाळिग्राम हा अमोनाइटच असतो, काळ्या शेलमधला, तोही टेथिस समुद्रातलाच. पण देवघरात एक असतो आणि इथे उतारावर चालताना पायाखाली येतो. आमचा चौघांचा ग्रुप होता. मॅडमनी सकाळी बजावलं होतं की उचलण्याआधी फोटो, फोटोआधी डायरीत नोंद, आणि जो थरात पक्का बसलेला आहे त्याच्यावर वरच्या दिशेचा बाण मार्करने काढल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. पहिल्या दोन नमुन्यांना आम्ही हे इमानदारीत केलं. तिसरा दुपारी अडीचला सापडला, ऊन डोक्यावर, पाणी संपत आलेलं, आणि तो उतारावर सुटा पडलेला होता, अगदी छान, फासळ्या ठसठशीत, त्यांच्यावर गाठी. मी उचलला आणि पिशवीत टाकला. मनात म्हटलं, वर धोसाचा कडा दिसतोय, तिथूनच पडलाय, अजून कुठून येणार?

परत आल्यावर लॅबमधे नावं लावायला बसलो. पहिला पेरिस्फिंक्टिड, चपटा, खुल्या वेटोळ्याचा, फासळ्या बाहेरच्या बाजूला दुभागणाऱ्या. दुसरा मायाइटेस, फुगीर, जवळजवळ चेंडूसारखा, बेंबी अगदी खोल आणि अरुंद. तिसरा पेल्टोसेरास, त्या गाठींमुळे ओळखायला वेळ लागला नाही. आणि इथेच प्रॉब्लेम सुरू झाला. मायाइटेस हा ऑक्सफर्डियनचा प्राणी. पेल्टोसेरासचा आमच्याशी जुळणारा प्रकार मात्र त्याच्या आधीच्या कॅलोव्हियनच्या शेवटच्या भागातला, ज्याला कच्छमधे पहिल्यापासून ॲथलेटा बेड्स म्हणत आलेत, पेल्टोसेरास ॲथलेटा या जातीवरून. म्हणजे धोसाच्या खालच्या शेलमधला. आणि आमच्या पिशवीत दोघं एका लेबलखाली नांदत होते.

आमच्यातल्या एकाला लगेच वाटलं की हा मोठा शोध आहे, पेल्टोसेरास आपण समजतो त्यापेक्षा जास्त काळ टिकला असणार, निदान कच्छमधे तरी. मलाही तसं वाटावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. रेंज चार्ट, म्हणजे कुठला प्राणी कुठल्या थरापासून कुठल्या थरापर्यंत सापडतो त्याचा तक्ता, काढून झाला, त्यात पेल्टोसेरासची रेघ वर धोसापर्यंत ओढली, आणि तो चार्ट घेऊन मॅडमकडे गेलो. मॅडमनी चार्टकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "अगं, तिसऱ्याच्या आत काय भरलंय ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. आम्ही फासळ्या मोजल्या होत्या, वेटोळ्याची रुंदी मापली होती, सूचरच्या, म्हणजे आतले पडदे शंखाला मिळतात तिथल्या, नागमोडी रेषा ट्रेस केल्या होत्या, पण शंखाच्या आत जो दगड भरलाय तो कोणता हे एकानेही बघितलं नव्हतं. अमोनाइट मेला की शंख तळाशी जातो आणि ज्या चिखलात पडतो तो चिखल त्याच्या तोंडातून आत शिरतो. म्हणजे प्रत्येक शंख आपल्या पहिल्या दफनाचा एक नमुना पोटात घेऊन बसलेला असतो. बाहेरचा दगड धुऊन जाईल, झिजेल, पण आतला तसाच राहतो. तिसऱ्या नमुन्याच्या तुटक्या कडेवर १० पटीचं भिंग लावलं तर आत करडा, बारीक मातीचा गाळ. सुईने खरवडलं तर भुकटी पडते. एका भेगेत जिप्समची पट्टी. ऊइडचा एक दाणाही नाही, एकही नाही, मी अर्धा तास शोधला. पहिल्या दोघांमधे मात्र नुसत्या डोळ्यांनी दाणे दिसत होते.

मग फोनमधले फोटो काढले. तिसऱ्याचा फोटो काढलाच नव्हता पण त्याच्या दोन मिनिटं आधी मैत्रिणीने माझा एक फोटो काढला होता, त्यात मागे धोसाचा कडा दिसतोय आणि मी कड्याच्या खाली, डोमच्या मध्याकडच्या बाजूला उभी आहे. आता वरचं वलयांचं सांगितलेलं आठवा. थर बाहेरच्या बाजूला कललेले, म्हणून कडक थराचा तुटका, उभा चेहरा आतल्या बाजूला, डोमच्या मध्याकडे. त्या चेहऱ्याच्या पायथ्याशी उघडी पडते ती खालची, जुनी शेल. म्हणजे मी ॲथलेटा बेड्सवर उभी होते आणि वर बघत होते. तिथे सुटा पडलेला अमोनाइट दोन ठिकाणचा असू शकतो, वरच्या कड्यातून घरंगळत आलेला धोसाचा, किंवा पायाखालच्याच शेलमधून पावसाने धुऊन मोकळा झालेला. मी पहिली शक्यता धरून चालले कारण कडा नजरेत भरत होता. शेल नजरेत भरत नाही, ती मातीसारखी दिसते, तिच्यावरून आपण चालतो फक्त.

दगड वरून खाली येतो, खालून वर जात नाही. तोच पेल्टोसेरास कड्याच्या माथ्यावर सुटा सापडला असता तर खरंच विचार करायला लागला असता, कारण खालच्या शेलमधला दगड आपण होऊन कड्यावर चढणार नाही. पण पायथ्याशी सापडलेल्या सुट्या नमुन्याला वरच्या थराचं नाव द्यायचं असेल तर त्याच्या पोटात त्या थराचा पुरावा हवा, आणि इथे पुरावा उलटा होता. तिसऱ्याचं लेबल खोडलं. चार्टमधली वर ओढलेली रेघ पुसली. तो मोठा शोध तिथेच संपला, आणि वाईट वाटलं, पण रेघ पुसल्यावर बाकीचा चार्ट एकदम सरळ झाला हेही तितकंच खरं.

ही गोष्ट कच्छला नवी नाही, आणि हे वाचल्यावर मला जरा धीर आला. १८३०च्या दशकात कॅप्टन स्मी आणि कॅप्टन ग्रँट या लष्करी अधिकाऱ्यांनी इथले अमोनाइट गोळा करून इंग्लंडला नेले, सॉवर्बी या तिथल्या निसर्गअभ्यासकाने त्यांची वर्णनं आणि चित्रं केली. पण तेव्हा कच्छच्या थरांची विभागणीच झालेली नव्हती, त्यामुळे कुठला नमुना कुठल्या थरातला हे नंतरच्या लोकांना मागे जाऊन जुळवत बसावं लागलं. ते काम खऱ्या अर्थाने सुरू केलं फर्डिनांड स्टोलिच्काने. मोराव्हियाचा माणूस, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला, १८७१-७२ मधे कच्छमधे फिरून त्याने थरवार गोळा केलं. ती पच्छम, चारी, कटरोल, उमिया अशी चार भागांची विभागणी त्याची, आणि ती छापून आली वागेन या जीवाश्मतज्ज्ञाच्या ग्रंथात, १८७३ ते १८७५ या काळात. स्टोलिच्का १८७४ मधे यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमधे वारला, वय फक्त ३६. लेहमधे त्याचं स्मारक आहे. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते, कारण दीडशे वर्षांनी आम्ही जे कॉलम काढतो ते अजून त्याच्याच घडीवर बसतात. तेही जीप नाही, जीपीएस नाही, उंट-घोड्यावरून फिरून.

वागेनची एक गोष्ट जाता जाता. 'म्युटेशन' हा शब्द आज जेनेटिक्सचा म्हणून माहीत आहे, पण वागेनने तो १८६९ मधेच अमोनाइटसाठी वापरला होता, एकावर एक थरांमधे तीच जात थोडीथोडी बदलत जाते त्या बदलासाठी. म्हणजे वागेनच्या त्या अर्थाच्या मुळाशीच 'एकावर एक थर' आहे. थरांचा क्रम चुकला तर तो बदलही उलटा वाचला जाईल. नंतर १९२७ ते १९३३ मधे स्पाथ या अमोनाइटतज्ज्ञाने कच्छच्या अमोनाइटचं प्रचंड मोठं काम केलं, त्यात जाती इतक्या पाडल्या की पुढच्या लोकांना त्या एकत्र करत बसावं लागलं. काही ठिकाणी तर नर आणि मादी वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले निघाले, कारण अमोनाइटमधे एकाच जातीचे मोठे आणि छोटे असे दोन आकार असतात हे १९६०च्या दशकात कुठे नीट मान्य झालं. ते छोटे-मोठे एकाच जातीचे हे ठरवायलाही दोघं एकाच थरात सापडतात हाच पहिला पुरावा लागतो.

तर तिसरा सुटला. मला वाटलं प्रकरण मिटलं, उरलेले दोघं धोसाचे. मॅडम म्हणाल्या, "दुसरा कुठल्या थरातून काढलात?" डायरीत होतं, सगळ्यात वरचा, कॉन्ग्लोमरेट. "मग त्याला कापा."

धोसा ऊलाइट हा एकसंध ठोकळा नाही. ऊलाइटचे कडक थर आणि मधे गाळाचे मऊ थर असं आलटून पालटून चालतं आणि अगदी शेवटी, माथ्यावर, एक पातळसा थर येतो त्याला धोसा कॉन्ग्लोमरेट बेड म्हणतात. मीटरभरही जाड नाही. पण आमच्या सेक्शनमधे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो याच थराने आणि माझ्या मते कच्छच्या ज्युरासिकमधला सगळ्यात नवलाचा थर हाच. त्याच्याकडे जवळून बघितलं तर त्यात दगडांचे तुकडे आहेत, आणि ते तुकडे ऊलाइटचेच आहेत. म्हणजे ऊलाइट आधी साचला, घट्ट झाला, मग फुटला, आणि त्याचे तुकडे परत समुद्रतळावर पसरून नव्या गाळात बसले. तुकड्यांमधे अमोनाइट आहेत आणि तुकड्यांच्या मधल्या गाळातही अमोनाइट आहेत. दोन्ही 'थरात पक्के बसलेले'. दोन्हींवर बाण काढून, फोटो घेऊन, नियमाप्रमाणे काढता येतील. आणि तरीही दोघं एका काळातले नसतील.

लॅबमधल्या डायमंड करवतीवर पहिला आणि दुसरा असे दोन्ही मधोमध कापले, बाणाच्या रेषेतच कापायचे होते म्हणून धरायला जरा कसरत झाली. मग काचेवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून घासत बसलो, आधी जाड पावडर, मग बारीक, हात गारठून जातात पण कापलेली बाजू जेव्हा ओली चमकायला लागते ना, तेव्हा सगळं वसूल होतं. वेटोळ्यांच्या खोल्या एकामागून एक, मधल्या पडद्यांच्या रेषा, आणि काही खोल्यांमधे तो प्रकार जो मी फक्त पुस्तकात बघितला होता, जिओपेटल.

म्हणजे कसं, की बाहेरची खोली चिखलाने पूर्ण भरते, पण आतल्या बंद खोल्यांमधे चिखल थोडाच झिरपतो, एखाद्या फटीतून. अर्धी खोली चिखलाने भरते आणि वरची अर्धी रिकामी राहते. त्या चिखलाचा माथा तांब्यात पाणी ठेवल्यावर जसा सपाट राहतो तसा सपाट. नंतर रिकाम्या भागात सावकाश कॅल्साइटचे पांढरे स्फटिक वाढतात आणि सगळं दगड होतं. कापल्यावर खाली तपकिरी, वर पांढरं, आणि मधे एक सरळ रेघ. ती रेघ म्हणजे त्या दिवशीची आडवी पातळी. १६ कोटी वर्षांपूर्वीची स्पिरिट लेव्हल, खडकात गोठलेली, तळहातावर मावेल एवढी.

पहिल्या नमुन्यात, जो कॉन्ग्लोमरेटच्या खालच्या नेहमीच्या ऊलाइट थरातला होता, सगळ्या खोल्यांमधल्या रेघा एकमेकींना समांतर होत्या आणि थराच्या पातळीलाही समांतर. इथे एक सांगते, तुलना थराच्या पातळीशी करायची, आजच्या आडव्याशी नाही, कारण थर नंतर डोम फुगताना कललेले आहेत. आम्ही आधी आजच्या आडव्याशी केली आणि १५ मिनिटं घाबरून बसलो होतो. थराशी केली तेव्हा चोख जुळलं. आत ऊइड, बाहेर ऊइड, रेघ थराला समांतर. हा जिथे पुरला गेला तिथेच राहिला. याचं लेबल बरोबर.

दुसऱ्यात, मायाइटेसमधे, रेघा आपापसात समांतर होत्या पण थराशी चांगला ५०-६० अंशांचा कोन करत होत्या. म्हणजे हा आधी एका स्थितीत पुरला गेला, आत चिखल बसला, घट्ट झाला, आणि मग तो उचकटला जाऊन वेगळ्या स्थितीत परत पुरला गेला. पण एवढ्या एका खुणेवर निकाल द्यायचा नाही हे आता आम्हाला कळलं होतं, शंख अर्धवट भरलेला असतानाच एखाद्या खेकड्यानेही उलटवला असेल. म्हणून बाहेरची बाजू बघितली. तिथे सर्प्युला किड्यांच्या बारीक वळवळीत चुनखडी नळ्या चिकटलेल्या होत्या, आणि त्या फक्त शंखावर नव्हत्या, जिथे शंख झिजून आतला भरलेला दगड उघडा पडला होता त्या दगडावरही होत्या. आणि भोकं. दगड पोखरणारे शिंपले असतात, ते चंबूच्या आकाराची भोकं पाडून आत राहतात. कापलेल्या बाजूवर असं एक भोक अर्धं कापलं गेलं होतं, आणि ते शंखाची भिंत ओलांडून आतल्या भरावात सरळ गेलं होतं, कडा अगदी स्वच्छ, कुठे ढासळलेल्या नाहीत. मऊ चिखलात असं भोक टिकत नाही. म्हणजे शिंपल्याने ते पोखरलं तेव्हा आतला भराव आधीच दगड झालेला होता आणि हा अमोनाइट समुद्रतळावर उघडा पडलेला होता, पाण्यात, किड्या-शिंपल्यांना घर करायला मोकळा. भोकात जो गाळ भरलाय तो तिसऱ्याच रंगाचा, बाहेरच्या कॉन्ग्लोमरेटच्या गाळासारखा.

हे मी भिंगातून पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. एका मुठीएवढ्या दगडात क्रमाने सगळं लिहिलेलं: प्राणी मेला, पुरला गेला, चिखल आत गेला, दगड झाला, समुद्राने वरचा गाळ धुऊन नेला, दगड उघडा पडला, त्याच्यावर नळ्या वाढल्या, त्यात भोकं पडली, तो गडगडला, परत पुरला गेला. यातल्या एकेका पायरीला किती काळ लागला ते दगडावरून सांगता येत नाही, पण चिखलाचा दगड व्हायला आणि परत उघडं पडायला एक-दोन पावसाळे पुरत नाहीत.

मग कॉन्ग्लोमरेट इतका पातळ का ते उलगडलं. जिथे गाळ भराभर येतो तिथे काळाचं पान जाड असतं, एका काळाचा अमोनाइट एका थरात, पुढच्याचा त्याच्या वर, नीट वेगवेगळे. धोसाच्या शेवटी शेवटी गाळ यायचा जवळजवळ थांबला. जो येत होता तो लाटा, प्रवाह धुऊन नेत होते. ऊइड व्हायलाही हीच परिस्थिती लागते, पुरेसा गाळ आला तर दाणा लगेच पुरला जातो, त्याच्यावर पापुद्रे चढायला वेळच मिळत नाही. त्यामुळे ऑक्सफर्डियनच्या वेगवेगळ्या भागांतले अमोनाइट एकाच मीटरभर जाडीत येऊन बसले. ऑक्सफर्डियन काळ सगळा मिळून ६० ते ७० लाख वर्षांचा, आणि त्यातला मोठा हिस्सा असा चेपलेला नाहीतर गायब झालेला. कॉन्ग्लोमरेटच्या वर पाय ठेवलात की तुम्ही कटरोलच्या शेलवर, म्हणजे पुढच्या टप्प्यात, किमरिजियनमधे, पोचता. एका पावलात लाखो वर्षं. याला कंडेन्स्ड सेक्शन म्हणतात, आटवलेल्या दुधासारखं, मात्र दुधाला जो वेळ लागला तो मापता येतो आणि इथे भांड्यातलं काही उतू पण गेलेलं आहे.

म्हणून मायाइटेसचं लेबल अर्धवट बरोबर ठरलं. तो धोसातला आहे, ऊइड आतही आहेत. पण ज्या थरातून काढला त्या थराच्या वयाचा तो नाही, त्याच्या आधीचा आहे. त्याच्यावरून कॉन्ग्लोमरेटचं वय काढलं असतं तर चुकलंच असतं. असा थर कितीही जुने दगड पोटात घेऊ शकतो, तो स्वतः त्यातल्या सगळ्यात तरुण जीवाश्माइतका तरुण असतो, कदाचित त्याहूनही. त्यामुळे अशा थरात वय काढायला उपयोगी असतात ते मधल्या गाळातले, भोकं न पडलेले, नळ्या न चिकटलेले, बाहेर-आत एकच गाळ असलेले अमोनाइट. आमच्याकडे तसा एकही नव्हता. आम्ही देखणे बघून काढले होते आणि घट्ट दगड झालेले, टिकाऊ, गोलमटोल तेच देखणे दिसतात.

मायाइटेस मात्र माझा सगळ्यात लाडका झाला. त्याचं कुटुंब कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि तिकडे पार इंडोनेशियापर्यंत सापडतं, युरोपात नाही. युरोपातल्या अमोनाइटवर बांधलेली काळाची शिडी इथे तशीच्या तशी लावता येत नाही त्याचं एक मोठं कारण असे स्थानिक प्राणी. म्हणून कच्छमधे युरोपशी नातं असलेले पेरिस्फिंक्टिड आणि मायाइटेस एका थरात, खरोखर एकत्र, सापडणं याला एवढी किंमत आहे, तो दोन शिड्यांना जोडणारा दुवा आहे. आणि 'खरोखर एकत्र' म्हणजे काय हे ठरवायलाच वरचं सगळं लागतं.

२०१७ मधे लोडाईजवळ कटरोलच्या थरांत इक्थिओसॉर सापडल्याची बातमी आली होती, जवळजवळ अख्खा सांगाडा, भारतातला ज्युरासिकमधला पहिला, तेव्हा पेपरात सगळीकडे त्याचे फोटो होते. त्याचं वय किमरिजियन हे कसं ठरलं तर त्याच थरांत त्याच्यासोबतच्या अमोनाइट-बेलेमनाइट वगैरेंवरून. साडेपाच मीटरचा प्राणी, आणि त्याचा जन्मदाखला तळहातावर मावणाऱ्या शंखांकडे. तो सांगाडा कोणी सुटी हाडं म्हणून उचलून नेला असता तर तो फक्त 'कच्छचा कुठलातरी' राहिला असता.

रिपोर्ट परत लिहिला. आधी जिथे 'थर' असा एकच रकाना होता तिथे आता चार झाले: सुटा की बसलेला, आतला गाळ, बाहेरचा गाळ, रेघ थराला समांतर की नाही. सगळे जुने नमुने या रकान्यांतून परत काढले, एकूण ३१ होते, आणि त्यातले ९ 'धोसा' मधून बाहेर गेले, सगळेच्या सगळे उतारावर सुटे उचललेले. अजून ४ कॉन्ग्लोमरेटमधले जुने निघाले. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की एवढे नमुने कमी का केलेत, तर मी कापलेला मायाइटेस त्यांच्या हातात दिला आणि भिंग दिलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, खिडकीजवळ जाऊन बघत राहिले, मग म्हणाले, "याचा फोटो मला पाठवा."

पुढच्या जानेवारीत जुमाऱ्याला परत गेले, ज्युनिअर मुलांबरोबर. तोच कडा, तोच पायथा. एका मुलीने शेलवरून एक गाठींचा अमोनाइट उचलला आणि वर कड्याकडे बोट केलं, "ताई, धोसा ना हा?" मी तिला भिंग दिलं आणि म्हटलं, खाली बस आणि आधी याच्या पोटात बघ. ती गुडघ्यावर बसली, तुटकी कड उन्हात धरली, थोडा वेळ बघितलं, मग पायाखालची करडी माती चिमटीत घेऊन दोन्ही शेजारी शेजारी धरले. डायरीत तिने लिहिलं, "सुटा. आत शेल, ऊइड नाहीत. ॲथलेटा बेड्स."